थांब म्हटल्यावर

मलमावर लावलेल्या पारदर्शक चिकटपट्टीची एक कड सुटली होती, आणि केया ती नखानं दाबून बसवत होती — पुन्हा सुटायची, पुन्हा दाबायची. कोपराच्या खळगीतलं ते पांढरं मलम तासाभरात कातडी बधिर करतं. पन्नास मिनिटं झाली होती. लॅबच्या पार्किंगमध्ये एसी चालू ठेवून पद्मिनी लेकीच्या नखाकडे बघत होती... पंधरा वर्षांची मुलगी, आपल्याहून दोन बोटं उंच, आणि रक्ताच्या एका नळीपुढे आपण दोघी सात आठवडे हरतोय.

पहिल्या आठवड्यात नुसतं पार्किंग. मग दार. मग खुर्ची, तीही लांबूनच बघायची. ऑटिझमच्या थेरपिस्टनं पायऱ्या आखून दिल्या होत्या, आणि एकच नियम — केया ‘स्टॉप’ म्हणाली की थांबायचं. डॉक्टरांनी मात्र काल स्पष्ट सांगितलं होतं: फिट्सच्या औषधानं लिव्हरचं काय होतंय ते रक्त तपासून कळल्याशिवाय पुढची गोळी लिहून देणार नाही. "या वेळी करूनच या," केयाचा बाबा शैलेंद्र सकाळी म्हणाला होता, ऑफिसचा बॅज शोधत, तिच्याकडे न बघता.

आज केया स्वतः जाऊन खुर्चीत बसली. स्वतः हात पुढे केला. टेक्निशियन बाईनं दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर वर आली — निळी, ठसठशीत, सोपी — आणि पद्मिनीच्या छातीत काहीतरी इतक्या जोरात उसळलं की ती आशा आहे हेही तिला ओळखता आलं नाही.

"स्टॉप," केया म्हणाली.

"फाइव्ह सेकंड्स, मॉम," टेक्निशियन हळूच पद्मिनीला म्हणाली. "इफ यू होल्ड हर."

पाच सेकंद. अकराव्या वर्षी रक्त काढताना चौघांनी धरलं होतं केयाला. डोकं पद्मिनीनं धरलं होतं, झालं झालं म्हणत, काहीच झालेलं नसताना, आणि त्यानंतर दोन वर्षं केयानं तिला केसांना हात लावू दिला नव्हता — तेव्हा काय वाटलं होतं मला? काही नाही. मी फक्त धरलं होतं. माझ्या हातांना ते येतं...

तिनं खाली पाहिलं. तिची बोटं केयाच्या मनगटाभोवती आवळलेली होती. कधी?

"स्टॉप, स्टॉप, स्टॉप —"

तिनं एकेक बोट सोडवलं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. पट्टा सुटला. शीर कातडीखाली बुडून गेली.

गाडीत केया मागच्या सीटवर बसली. येताना पुढे होती.

"यू वेअर गोइंग टू होल्ड मी."

नाही गं राणी, मी असं कसं करेन — वाक्य जिभेवर तयार होतं, इतक्या वर्षांच्या सवयीनं.

"हो," पद्मिनी म्हणाली.

"ओके." त्यात माफी नव्हती, रागही नव्हता. माहिती मिळाली, एवढंच.

शैलेंद्रचा फोन वाजून वाजून थांबला. गोळ्या अजून नऊ दिवस पुरतील. त्यापुढचं तिला काही दिसत नव्हतं. पुढच्या वेळी आपण सोडूच, याची खात्रीही नव्हती. इतके आठवडे केयाची जी भीती ती बाहेरून शमवू पाहत होती, ती आता तिच्याच दोन्ही हातांत येऊन बसली होती, आणि ते स्टिअरिंगवर ठेवायचाही तिला धीर होत नव्हता.