बांबोळीच्या अलीकडे

“उपाशी पोटी येवचा काय गो?” सीतेने विचारलं.

किशोरी ओट्यावर पाय सोडून मोबाइलवर पणजीतल्या हॉटेलांच्या खोल्या बघत होती. ती हसली. “आये, फिराक जातंव आपण. पोटभर खाऊन चल. वाटेत बांद्याक थांबान भजी पण खावया.”

सीतेने मान डोलावली आणि सूप पुढे ओढून तांदूळ निवडायला घेतले. म्हणजे तपासणी पहिल्या दिवशी नसणार.

खाडीकाठच्या त्या वाडीत ‘गोव्याक नेला’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा येत नसे. बांबोळीचं मोठं हॉस्पिटल येई. इथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की माणूस तिकडे जायचा, आणि घाबरू नये म्हणून त्याला सगळे सांगायचे, चार दिवस गोवा फिरून येऊया. गेल्या शिमग्यात सीतेच्या नवऱ्याला, परशुरामलाही तसंच सांगितलं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, भावाने सांगितलं. सीतेनेही सांगितलं. परत त्याचा देहच आला, तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि आता किशोरी पुण्याहून रजा काढून आली होती. गणपतीत सीतेला विहिरीपाशी चक्कर आली, तेव्हा तिने आईचं रक्त तपासून घेतलं होतं. रिपोर्ट मोबाइलवर आला. किशोरीने तो उभ्या उभ्या वाचला, “सगळा बरा आसा” म्हणाली आणि मोबाइल पटकन पर्समध्ये टाकला. ते ‘पटकन’ सीतेच्या मनातून जात नव्हतं.

“ही बघ खोली,” किशोरीने मोबाइल तिच्यासमोर धरला. “खिडकीतसून नदी दिसता.”

सीतेने चष्मा लावला. खिडकीकडे तिचं लक्ष नव्हतं. “खाटी दोन?”

“दोन.”

“म्हणजे तू थंयच निजतलंस.”

“मग खंय निजू? रस्त्यार?”

बांबोळीला पेशंटच्या माणसाने फरशीवर झोपायचं असतं. दोन खाटा म्हणजे स्पेशल खोली. पोरीने एवढा खर्च काढला, तर दुखणं तसंच असणार.

“आये, तुका काय बघूचा आसा ता सांग. बाजार, देवळा, बाग, काय व्हया ता.”

“तू नेशीत थंय येतलंय.”

“असा कोण फिराक जाता?”

सीतेला ते खरंच ठाऊक नव्हतं. सगळं आयुष्य तिने शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवली. शाळेला सुट्टी लागली की काजू गोळा करायचे दिवस असत. परशुराम खाडीवर तरीची होडी चालवायचा. माणसांना रोजच पलीकडे जायचं असतं, त्यामुळे होडीला सुट्टी कसली? पूल झाला तेव्हा एकदाची मिळाली, पण तोवर त्याचं वय झालं होतं.

संध्याकाळी ती कोंबड्यांच्या दाण्यांचा डबा घेऊन शेजारी बर्नादेतकडे गेली.

“गोव्याक दर्या बघूक जातंस?” बर्नादेत दारातूनच म्हणाली. “मालवणचो दर्या आटलो काय गो?”

“कोंबड्यांका सांजचा आत घाल. मागल्या दाराची कडी घट्ट लागणा नाय, ती दोरीन बांद. ट्रंकेची चावी तुझ्याकडे ठेव. कोरा लुगडा वरच आसा.”

“तीन दिवसांक जातंस की तीन वर्सांक?”

सीता हसली नाही. “आणि तुळशीक...”

“पाणी मियां घालतंय. नमस्कार तू इल्यावर कर.”

सीतेने डबा तिच्या हातात दिला, पण सोडला नाही. “किशोरी तुका काय बोलली? माझ्या रिपोर्टाचा?”

“माका कित्याक बोलतली? सीता, पोर तुका फिरवक व्हरता गो.”

“ह्यांका पण आपण तसाच सांगलेला.”

त्याला नेलं त्या सकाळी बर्नादेतही ओसरीवर होती. पणजीची मासळी खाऊन ये, असं परशुरामला तिनेच हसत हसत बजावलं होतं. तिने डबा घेतला आणि उगाच झाकण दाबत राहिली.

किशोरीला सरळ विचारणं सोपं होतं. पण विचारलं तर पोरीला खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते खोटं किती जड असतं हे सीतेला माहीत होतं. म्हणून तिने पिशवी भरली. थर्मास, स्टीलचं ताट, जुन्या मऊ चादरी. किशोरीने चादरी बाहेर काढल्या, म्हणाली, हॉटेलात असतात. सीतेने निघताना त्या पुन्हा आत सरकवल्या.

वाडीतल्या ओमकारची भाड्याची गाडी होती. बांद्याला किशोरीने भजी घेतली. सीतेने सांगितल्यासारखी खाल्ली. म्हापसा मागे पडल्यावर तिने पिशवी जवळ ओढून घेतली. किशोरी पुढे बसून कुठल्या हॉटेलात सुरमई चांगली मिळते ते ओमकारला विचारत होती.

गाडी मांडवीच्या पुलावर चढली. सीतेने खाली मान घातली. मागल्या खेपेस याच पुलावर मागच्या सीटवर आडवा पडलेल्या परशुरामने मान उचलून विचारलं होतं, “बोटी खंयच्या बाजूक आसत?” पणजीच्या नदीत मजल्यांच्या बोटी आहेत, त्या तुला दाखवू, असंच सांगून त्याला गाडीत बसवलं होतं. “येताना बघूया,” सीता म्हणाली होती.

पूल संपत आला.

“ओमकार,” तिने विचारलं, “सरळच मां?”

“नाय काकी. सरळ गेलो तर बांबोळी. आपणाक उजवीकडे जावचा.”

गाडी वळली. किशोरीने मागे बघितलं. आईकडे, मग उघड्या पिशवीतल्या थर्मासकडे, चादरींकडे. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला.

“रिपोर्टात काय नव्हता आये,” ती हळू म्हणाली. “खरांच काय नव्हता.”

“बरा,” सीता म्हणाली.

नदीकाठच्या रस्त्यावर किशोरीने गाडी थांबवायला सांगितली. ऊन पाण्यावर पसरलं होतं. पांढऱ्या, दोन-दोन तीन-तीन मजल्यांच्या बोटी ओळीने उभ्या होत्या. सीता उतरून कठड्याशी गेली.

“बांबोळी खंयच्या अंगाक इली?”

किशोरीने मागे हात केला. “ती टेकडी दिसता मां, तेच्या पल्याड.”

सीतेने टेकडीकडे बघितलं. “ह्यांच्या खाटीकडे खिडकी होती. पण थंयसून ह्या काय दिसत नसतला.”

“नाय गो आये. दिसत नाय.”

सीतेने मान हलवली. मग कठड्यावर हात ठेवत ती पहिल्या बोटीपासून एकेक बोट नीट बघत निघाली, घरी गेल्यावर कुणाला तरी सगळं सांगायचं असल्यासारखी.