घसा कापलेला सापळा

मी सापळा बोलतोय. दिवा म्हणायचं काम नाही. आज सकाळीसुद्धा तुम्हा गिऱ्हाइकांतल्या एका बाईने खालून माझ्यात डोकावून "किती क्यूट!" म्हटलं. मी मासे धरायचा सापळा आहे, बांबूचा. माझ्या पोटातला पिवळा बल्ब मी गिळलेला नव्हता. तो कोंबला होता.

ब्रह्मपुरीच्या जुन्या वस्तीत सईदाबाईंचं सव्वाशे वर्षांचं घर आहे. त्यांच्या पणजोबांचा लाखेचा व्यापार होता, सागवानी खांब तेव्हाचे. धंदा बसला, भाऊबंद नागपूरला गेले. सईदाबाईंनी खांब घासून घेतले आणि खालच्या मजल्यावर दुकान मांडलं. बाहेर पाटी लागली : 'आपल्या मातीची कला'. आत कोशाच्या रेशमी साड्या, मातीचे हत्ती, कोणा लालसूने कोरलेले लाकडी मोर. आणि आढ्याला टांगलेला मी. ताडोब्याचे प्रवासी इथे थांबतात. वाघ दिसला तर त्याचे फोटो दाखवतात, नाही दिसला तर काहीतरी विकत घेतात.

माझ्या अंगावर चिठ्ठी बांधली आहे. 'बांबू दिवा. कारागीर : जंगलातले हात.'

खोटं आहे. ते हात केवळरामचे होते. वैनगंगेकडच्या एका गावात तलावावर मासे धरणाऱ्या ढिवराचे. त्याने ओला बांबू फोडला, कमट्या तासल्या, चार दिवस बसून मला विणलं. शेजारी त्याचा धाकटा भाऊ भूपेश. सातवीत शाळा सोडलेला, तोंडाने फटकळ. माझं अर्धं पोट त्याने विणलं. ते अजून वाकडं आहे.

पोट कोणीही विणेल. सापळ्याचा जीव घशात असतो. तोंडातून आत निमुळता होत गेलेला काड्यांचा शंकू म्हणजे घसा. मासा त्यातून आत येतो, आणि परत फिरला की काड्यांची टोकं त्याला टोचतात. तो घसा केवळराम एकटाच विणायचा.

"मले बी शिकव ना घसा," भूपेश मागे लागायचा.

"आधी पोट सरळ वीन. गाभन म्हशीवानी करून ठेवलं."

"तुह्यं तरी कोनतं सपाट हाय?"

दोघं हसायचे. "पुढच्या वर्षी शिकवतो," केवळराम म्हणायचा.

यंदा भादव्यात तलाव तुडुंब भरला. मी पाणी सोडायच्या मोरीपाशी बांधलेला होतो. रात्रभरात शेवाळ आणि फांद्या येऊन मी दगडांत रुतलो. सकाळी केवळराम मला सोडवायला उतरला. त्याचा पाय दगडांच्या फटीत अडकला. माझ्यापासून दोन हातांवर तो पाण्याखाली होता, आणि मी काही करू शकलो नाही.

भूपेशने आधी भावाला बाहेर काढलं, मग मला. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, त्याने मला आपटलं.

"तुनंच खाल्लं माह्या भावाले!"

मी बांबू आहे. मी कोणाला खात नाही. माझ्यात तेव्हा दोन मरळ मासे होते, तेही कोणी खाल्ले नाहीत. पण भूपेशला राग काढायला कोणीतरी हवं होतं. तेव्हापासून माझाही त्याच्यावर राग आहे, आणि मी तो सोडलेला नाही.

दहाव्याच्या दिवशी सईदाबाईंची जीप टोपल्या न्यायला गावात आली. भूपेशने मला कुडावरून ओढलं आणि जीपमध्ये फेकलं. केवळरामची बायको कुंता मागे धावली. "राहू द्या ना भाऊजी, त्यायच्या हातचं हाय!" त्याने मागे पाहिलंसुद्धा नाही.

दुकानात सईदाबाईंचा भाचा जहीर वायर घेऊन आला. माझ्यात हात घालून म्हणाला, "खाला, बल्ब आत जात नाई. हे मधलं कापा लागते."

"काप मग."

कट, कट, कट. घसा तोंडाशी कापला गेला. तो टाकून द्यायला सईदाबाईंचं मन झालं नाही. त्यांनी उलटा करून गल्ल्याशेजारी ठेवला आणि त्यात पेनं खोचली. बाई वाईट नाहीत, हेच मला खुपतं. वाईट असत्या तर मनसोक्त शिव्या दिल्या असत्या.

आज दुपारी भूपेश आला. वाळला होता. पायात चपला वेगवेगळ्या जोडांच्या.

"बाई, माहा सापळा पायजे."

"तो गेला बेटा. जंगलातल्या हॉटेलवाल्यानं घेतला. आज गाडी येऊन राह्यली न्यायला."

"माह्या भावाचा हाय तो."

"मंग दिला काऊन? मी मांगला होता का तुले?"

"डोस्कं फिरलं होतं माहं!"

तो स्टुलावर चढला आणि मला वायरीसकट ओढलं. बल्ब फरशीवर फुटला. गिऱ्हाइकं भिंतीला सरकली. भूपेशने माझ्या तोंडात हात घातला, चाचपडला, आणि थांबला.

"घसा कुठी हाय?"

"कापला ना भाऊ," जहीर म्हणाला. "त्याबगर बल्ब कसा बसल?"

भूपेशने त्याची गचांडी धरली. "पोट मले येते रे! घसा नाई येत! उसवून पाहाचा होता मले, त्यानं कसा विनला ते!"

मला वाटलं होतं, तो मला घरी न्यायला आलाय. तो मला उसवायला आला होता.

सईदाबाईंनी गल्ल्याशेजारची पेनं टेबलावर ओतली आणि घसा त्याच्यासमोर धरला. "हा घे. जहीरले सोड."

तो तिथेच फरशीवर बसला. एक एक काडी सोडवून ओळीने मांडू लागला. "एक वरून, दोन खालून..." असं पुटपुटत. एका माणसाने मोबाइल काढला. सईदाबाई कडाडल्या, "शूटिंग बंद! दुकान पाहाले आले ना तुमी, मानूस पाहाले नाई!"

एकतीस काड्या झाल्या. घसा संपला. भूपेश रिकाम्या हातांकडे बघत राहिला. सुरुवातच मिळेना. पहिली गाठ घशात नव्हतीच. ती माझ्या तोंडाच्या कडेला राहिली आहे, जिथून जहीरने कापलं तिथे.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. तलावाच्या पारीनंतर पहिल्यांदा.

"बाई, हे तोंड उसवा लागते."

सईदाबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर हॉटेलची गाडी लागत होती. "उसव," त्या म्हणाल्या. "त्यायले मी सांगीन काय सांगाचं ते."

आता मी त्याच्या मांडीवर आहे. कड निघाली की मी सुटेन. दिवा राहणार नाही, सापळाही नाही. त्याचं मला दुःख नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. हा पोरगा उजव्या हाताने ओढतोय, घाईने, आणि गाठ उलटी फिरतेय. केवळराम घशाची पहिली गाठ डाव्या हाताने मारायचा. असं ओढलं तर ती तुटेल, आणि मग कोणालाच कळणार नाही.

मला तोंड आहे, पण त्याला ऐकू जाईल असं नाही. तुम्ही जवळ उभे आहात. लाजू नका. त्याच्याशेजारी फरशीवर बसा आणि सांगा : भूपेश, थांब. डाव्या हाताने.