शांत टप्पा

गाडीवरचे सगळे त्यांना बरंसाहेब म्हणत. कारण उघड होतं. ड्यूटी बदलली, बरं. रजा नामंजूर झाली, बरं. चहात साखर घालायची राहिली, तरी बरं. चौतीस वर्षं या माणसानं डिझेल इंजिन चालवलं, आणि एवढ्या वर्षांत आपणहून काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अशा माणसांचं आपण कौतुक करतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणतो. त्यांच्या न बोलण्याची किंमत कोण मोजतं, ते विचारायला मात्र कुणी जात नाही.

वर्षभरापूर्वी डोंगरातली जुनी गाडी मोडीत निघाली आणि पर्यटकांसाठी नवी आली. तीन डबे, छतापर्यंत काचा, गोल फिरणाऱ्या खुर्च्या. पोटात डिझेल इंजिन आणि जोडीला मोठी बॅटरी. घाट चढायचा इंजिनावर. उतरताना विजेचा ब्रेक लावला की चाकांच्या फिरण्यातूनच वीज तयार व्हायची आणि बॅटरी भरायची. खाली दरीत पोचलं की इंजिन आपोआप बंद, आणि पुढचे अकरा किलोमीटर गाडी बॅटरीवर, चोरपावलांनी. याला शांत टप्पा म्हणत. तिकिटावर तसं छापलेलंच होतं. समोर धोका असल्याशिवाय तिथे भोंगाही वाजवायचा नाही. लोक धबधबा ऐकत, पाखरं ऐकत, आणि नाइलाजानं शेजारच्याचं कुरुमकुरुम खाणंही ऐकत.

या टप्प्याच्या शेवटच्या वळणावर, नदीपलीकडे, बरंसाहेबांचं घर होतं. घरात त्यांची धाकटी बहीण आणि अंथरुणाला खिळलेली बायको. बायकोचं हृदय थकलं होतं; उशांचा टेका काढून सपाट निजवलं की तिचा श्वास कोंडायचा. पाठीशी तीन उशा लावल्या तरी तिला खिडकीबाहेरचे रूळ दिसत नसत, ऐकू मात्र सगळं यायचं. जुनी गाडी चार वाजून दहा मिनिटांनी धडधडत वळणावर आली की ती नणंदेला म्हणायची, "गेली बघ. आता तासाभरात येतील." मग केस विंचरून घ्यायची, तोंड पुसून घ्यायची, आणि दाराकडे तोंड करून पडायची. त्या एका तासावर तिचा अख्खा दिवस उभा होता.

नव्या गाडीच्या पहिल्या दिवशी बरंसाहेब घरी आले तर ती पांढरीफटक पडली होती.

"अहो, गाडी कुठे अडकली होती? मी मेले ना इथे काळजीनं!"

"वेळेवर गेली की."

"मग मला कशी ऐकू आली नाही? कानही गेले वाटतं माझे."

आता इथेच सांगायचं होतं की बाई, तुझे कान शाबूत आहेत, गाडीच मुकी आली आहे. पण एवढं लांबलचक वाक्य बोलतील तर ते बरंसाहेब कसले! रात्रभर त्यांनी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी हातानंच उत्तर दिलं. घाट उतरताना विजेच्या ब्रेकला हात न लावता त्यांनी हवेचा ब्रेक लावला. हवेच्या ब्रेकनं गाडी थांबते, पण वीज तयार होत नाही. बॅटरी अर्धीमुर्धीच राहिली, आणि चाळीस टक्क्यांच्या खाली आली की नियमाप्रमाणे इंजिन आपोआप सुरू होतं. ते बरोबर घराच्या वळणाआधी सुरू झालं. ब्रेक किती वेळ आणि कुठे दाबायचा, याचं गणित त्यांनी आठवडाभरात असं बसवलं, की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावीत.

"आज आली हो ऐकू," बायको म्हणाली. "पण आवाज केवढा बारीक झालाय तिचा. म्हातारी झाली का?"

"नवी आहे."

"नवी असून एवढी खोकते? मग माझंच बरं म्हणायचं!" आणि ती हसली. हसताना तिला धाप लागायची, तरी हसली.

असे चार महिने गेले. कारखान्यातला फिटर ब्रेक पॅड लवकर झिजतात म्हणून कुरकुरत राहिला. प्रवासी तक्रार लिहीत राहिले की शांततेचे पैसे घेता आणि ऐन वेळी घरघर ऐकवता. बरंसाहेब सगळ्याला बरं म्हणत राहिले. घरी डॉक्टर येऊन गेले आणि त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, आता फार दिवस नाहीत. बरंसाहेबांनी दोन दिवस घरी राहतो म्हटलं, तर बायकोनंच पिटाळलं. "माझ्या तोंडाकडे बघत बसलात म्हणून मी बरी होणार आहे का? जा तुम्ही. गाडी ऐकू आली की मला धीर येतो." त्यांना तिच्यापासून हलायचं नव्हतं. पण तेही त्यांनी सांगितलं नाही.

त्या गुरुवारी घाटमाथ्यावर लोको इन्स्पेक्टर केबिनमध्ये चढले. वयानं लहान, कामात कडक, पण माणूस सरळ.

"काका, तुमच्या फेरीलाच बॅटरी का भरत नाही कळत नाहीये. बाकीच्यांची भरते. बघू आज काय होतंय ते. काही अडचण आहे का?"

विचारलं होतं हो त्यांनी. अगदी स्पष्ट विचारलं होतं. जिभेवर आलेलं वाक्य बरंसाहेबांनी गिळलं. बायको आजारी आहे, तिच्यासाठी गाडीचा आवाज करतो, हे असं वरिष्ठाला सांगायचं? चौतीस वर्षांच्या नोकरीत सवलत मागितली नाही, ती आता मागायची? "काही नाही," ते म्हणाले.

उतार लागला. त्यांचा हात सवयीनं हवेच्या ब्रेककडे गेला.

"विजेचा घ्या ना, काका. त्यासाठीच तर तो दिलाय."

"बरं."

समोरच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा चढू लागला. अठ्ठेचाळीस. पंचावन्न. एकाहत्तर. कुठलाही ड्रायव्हर खूश झाला असता, पण बरंसाहेबांना तो आकडा बघवेना. उतार संपला तेव्हा ब्याऐंशी झाले होते. इंजिन बंद झालं. मागच्या डब्यातून लोकांचा समाधानाचा सुस्कारा ऐकू आला.

इंजिन हातानं सुरू करायचं एक पिवळं बटण उजव्या बाजूला होतं. ते फक्त कारखान्यातल्या तपासणीसाठी, असं प्रशिक्षणात कुणीतरी म्हणाल्याचं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वळण जवळ आलं तसा त्यांचा हात त्या बटणापर्यंत गेला आणि परत मांडीवर आला. चार वाजून दहा मिनिटांनी गाडी घरासमोरून गेली. उन्हासाठी खिडकीचा पडदा ओढलेला होता. चाकांचा जो काय आवाज होता तो नदीनं गिळला.

"झकास चालली की!" इन्स्पेक्टर म्हणाले.

एका दिवसानं काय होतंय, बरंसाहेबांनी मनाची समजूत घातली. आज घरी गेल्यावर तिला सगळं सांगून टाकायचं. नवी गाडी, बॅटरी, ब्रेक, सगळं. केबिनमध्ये फोन बंद ठेवायचा नियम होता. शेवटच्या स्टेशनवर गाडी लावून, सह्या करून ते सायकलवर बसले, तरी फोन खिशात बंदच राहिला. सांगायच्या वाक्यांची जुळवाजुळव करताना त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी ते दारात आले. बहीण उंबऱ्यात बसली होती. बायको पाच वाजता गेली होती. केस विंचरलेले नव्हते.

"झोपेतच गेल्या, दादा. काही त्रास नाही झाला," बहीण म्हणाली. ते बायकोच्या उशाशी बसले, तिचा हात हातात घेतला, आणि वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं एकामागून एक तिला सांगितली. बहीण पहिल्याच वाक्याला तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात निघून गेली होती.

आठवड्यानं लोको इन्स्पेक्टर भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर बसून, चाचरत त्यांनी विचारलं, "काका, वेळ बरोबर नाही, पण राहवत नाही म्हणून विचारतो. गाडीत काहीच बिघाड नव्हता. मग चार महिने हवेचा ब्रेक का?"

आणि बरंसाहेबांनी सांगितलं. आता लपवायचं कुणासाठी होतं? खिडकी दाखवली, पलंग दाखवला, चार वाजून दहा मिनिटांची वेळ सांगितली, पिवळ्या बटणापर्यंत जाऊन हात मागे घेतला तेही सांगितलं. इन्स्पेक्टर ऐकता ऐकता खाली बघू लागले.

"काका, ते पिवळं बटण ड्रायव्हरसाठीच असतं हो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि लागली असती तरी... मी शेजारीच बसलो होतो. एक शब्द बोलला असतात तर मी स्वतः दाबलं असतं."

स्वयंपाकघराच्या दारात बहीण पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि तिचा चेहरा बघवत नव्हता.

"म्हणजे त्या दिवशी गाडीला उशीर नव्हता?" तिनं विचारलं.

"वेळेवर गेली," इन्स्पेक्टर म्हणाले.

ती भावाकडे वळली. "दादा, मी तुला खोटं सांगितलं. वहिनी झोपेत नाही गेल्या. जाग्या होत्या, शुद्धीवर होत्या. चारपासून विचारत होत्या, गाडी आली का, गाडी आली का. मला तरी कुठे ऐकू आली होती? मी म्हटलं, नाही आली अजून, वहिनी, आज उशीर आहे वाटतं. फार धाप लागली होती त्यांना. मी म्हटलं, थोडा दम धरा, दादा येतोच आहे. तर म्हणाल्या, गाडी गेली असती तर तासभर कशीबशी काढली असती गं. पण गाडीच आली नाही, म्हणजे ते अजून डोंगरात आहेत. तेवढं थांबणं माझ्याच्यानं होणार नाही."

इन्स्पेक्टरांनी उठून तिच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"आणि मग?" बरंसाहेबांनी विचारलं.

"मग त्यांनी मला पाठीमागच्या तिन्ही उशा काढायला लावल्या," बहीण म्हणाली, "आणि भिंतीकडे तोंड केलं."