मयतीत वाजलेला भोंगा

मी एक जुना भोंगा आहो. दर्यापूरच्या जुबेरच्या ऑटोवर तारेनं आवळून बांधलेला. तोंडाले पोचा पडला आहे, आवाज मात्र खणखणीत. हसू नका मित्रांनो, हसायची गोष्ट नाही.

जुबेरनं मले अकोल्याहून आणलं तवा मी आरशावानी चमकत होतो. पोलिओचा डोस, सर्कस, हरवलेलं पोट्टं, सारं गाव माह्याच तोंडानं ऐके. जुबेरचा एकच नियम. अजान सुरू झाली का मी बंद, मयत दिसली का मी बंद. लोक म्हणत, "जुबेरच्या भोंग्याले रीत आहे बाप्पा!"

मंग निवडणूक आली. एका उमेदवारानं आमाले प्रचाराले लावलं. त्याचा माणूस किशोर पुढं बसे, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. महिनाभर रोज फिरलो. एक दिवस गल्लीत समोरून महादेवरावची मयत आली. जुबेरचा हात बटनावर गेला.

"चालू राहू दे," किशोर म्हणे.

"किशोरभाऊ, मयत आहे."

"मेलेला मत देते का? मागं जिते आहेत ना, त्यायले ऐकू दे."

अन् मी गळा फाडून वाजलो. महादेवरावची बायको आशाबाई दारात होती. तिनं रडता रडता वर पाह्यलं, माह्याकडं. दगड मारला असता तं बरं झालं असतं.

तो उमेदवार निवडून आला. मंग कम्प्युटर क्लासवाल्या आरतीनं साऱ्या उमेदवारायच्या खर्चाचे हिशेब निवडणुकीच्या ऑफिसातून मागून आणले अन् साध्या मराठीत इंटरनेटवर टाकले. मोबाईलवर बोट लावा, उघडते. खाली कोणीबी लिहावं, आपण काय पाह्यलं ते. आमच्या निवडून आलेल्या साहेबाच्या हिशेबात लिहिलं होतं, भोंगा दोन दिवस. तारखाही देल्या होत्या.

आशाबाई आरतीकडं गेली. "पोरी, माह्या मालकाची मयत ह्या दोन तारखायत कुठी बसते? भोंगा तं माह्या दारात बोंबलला."

आरतीनं ते तसंच टाकलं. खांदा द्याले अर्धं गाव होतं. मंग काय, एकेक जण खाली लिहू लागला, 'मीबी ऐकला.' चौकशी लागली. खर्च लपवला हे ठरलं तं खुर्ची जाऊ शकते.

तवा किशोर आला. तोंडात खर्रा नव्हता. हळू बोलला, त्याचंच मले भेव वाटलं.

"जुबेर, लिहून दे. त्या दिवशी तुहा भोंगा बंद होता. म्हातारीले भास झाला, आरतीनं खोटं टाकलं."

"अन् नाही देलं तं?"

"अलीझा पायीच जाते ना शाळेत?"

एवढं बोलून गेला. अलीझा जुबेरची पोरगी, चौथीतली. जुबेर ऑटोच्या टायरपाशी बसून राह्यला. दारामांगून त्याच्या बायकोनं, जहाँआरानं, सारं ऐकलं होतं.

"त्या बाईच्या दारात तुमीच वाजवला," ती म्हणे. "आता तिलेच खोटी पाडता? अलीझाले मी नेईन, मी आणीन."

जुबेर उठला. आरतीकडं जाऊन त्यानं पूर्ण नाव टाकून लिहिलं. भोंगा माहा, त्या दिवशी चालू होता, महिनाभर चालू होता.

तवापासून मले कोणी बोलावत नाही. स्टँडवर जुबेरच्या बाजूले कोणी ऑटो लावत नाही. अन् त्या पानावरचे 'मीबी ऐकला' एकेक करून गायब होऊन राहिले. ज्यायनं लिहिलं, तेच पुसून राहिले. कालपर्यंत दहा-बारा होते. आज दोनच उरले, आशाबाई अन् जुबेर.

मित्रांनो, मले जपू नका. मी पत्रा, भंगारात जाईन. पण ते पान उघडा, वाचा. ऐकलं असन तं लिहा, अन् लिहिलं असन तं पुसू नका. सारे चूप झाले का खरं बोलणारा उघड्यावर पडते.

सकाळपासून घरासमोर बिननंबरची जीप उभी होती. आत्ता निघाली. शाळा सुटायची वेळ झाली आहे. जहाँआरा मघाच गेली, पायी.