चौकात थांबलेला काटा

मला पाहून पुष्कळ जण बुचकळ्यात पडतात. याला घड्याळाचा भाऊ म्हणावे की पकडीचा मावसभाऊ? मित्रांनो, मी एक जुना मूठमाप्या आहे. माझा दांडा मुठीत धरून आवळला की पोटातली स्प्रिंग दबते आणि तबकडीवरचा काटा हाताचा जोर सांगतो. भीडभाड मला ठाऊक नाही.

वजनकाटे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी एका व्यायामशाळेत गेलो. काय ते दिवस! दंड फुगवलेले तरुण मला दात-ओठ खाऊन आवळायचे आणि काटा वर चढला की आरडाओरडा करून छप्पर डोक्यावर घ्यायचे. त्या कौतुकाने मीही थोडा फुगलो होतो. पुढे आकडे उजळणारी चकचकीत यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. शेजारी फाटके हातमोजे आणि एक हवा गेलेला चेंडू. गप्पा मारायच्या कोणाशी? चेंडूचा तर दमच गेलेला!

व्यायामशाळेच्या मालकांची मुलगी डॉक्टर झाली होती. ऐंशीव्या वर्षीही एखादा भराभर जिने चढतो आणि दुसऱ्याला साठीतच उठताना भिंत धरावी लागते, असे का होते, याचा ती अभ्यास करत होती. नुसते आयुष्य वाढून काय उपयोग? वाढलेली वर्षे धडधाकटही हवीत, असे तिचे म्हणणे. तिच्या संशोधनाला एका धर्मादाय संस्थेचा आधार होता, पण तो बेताचाच. नवे यंत्र परवडेना, तेव्हा तिला मी आठवलो. तिने मला पुसले, गंज काढला, काटा तपासून आणला आणि आपल्या दवाखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर मानाने ठेवले.

तिथे एक निवृत्त बस कंडक्टर यायचे. सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला आवळले, तेव्हा माझा काटा जेमतेम हलला.

"यंत्र बिघडलंय वाटतं," काका ओशाळून म्हणाले.

"यंत्र ठीक आहे, काका. हाताला काम हवंय," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या.

काकांनी मला टेबलावर ठेवले. मग हळूच म्हणाले, "बायको गेल्यापासून कशाला हातच लावला नाही हो. पाण्याची बाटलीसुद्धा सूनबाई उघडून देते. गुणी आहे पोर. पण लाज वाटते."

त्या दिवसापासून काका कामाला लागले. ओला टॉवेल पिळायचा, पिशव्या उचलून चालायचे, हात न टेकता खुर्चीवरून उठायचे. त्यांच्या जोडीला ग्रंथालयवाल्या आजी होत्या. आयुष्यभर लोकांना 'शांतता राखा' सांगून त्यांनी जेवढा आवाज साठवला होता, तो सगळा इथे बाहेर पडे. "काका, टॉवेल पिळताय की त्याला गोंजारताय?" त्या ओरडत. काका हसत आणि आणखी जोर लावत. महिन्यांमागून महिने गेले, तसा माझा काटा वर सरकू लागला. एके सकाळी काका दारातूनच गर्जले, "आज बाटली मी उघडली आणि सूनबाईलाच पाणी दिलं!"

अशा आनंदात असतानाच संस्थेने हात आखडता घेतला. संस्थेचे चिटणीस माणूस म्हणून वाईट नव्हते. डॉक्टरबाईंना ते म्हणाले, "दुसरीही कामं आहेत हो. म्हातारपण काय, ते यायचंच. त्यावर कसलं संशोधन?"

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "हीच माणसं वर्षानुवर्षं तपासली, तरच काही कळेल," त्या म्हणाल्या. "अर्ध्यावर सोडलं, तर आजवरचं सगळं पाण्यात."

"मग आपण हातावर हात ठेवून बसायचं का?" आजींनी विचारले.

पुढच्याच रविवारी चौकात टेबल लागले. आजींनी ठळक अक्षरांत पाटी लिहिली: 'आमच्यापेक्षा जास्त जोर आहे? दाखवा! हरलात, तर संशोधनाला मदत करा.' टेबलावर मी आणि शेजारी दानपेटी. कंडक्टरकाकांचा जुना आवाज परत आला. "चला, पुढे सरका! दारात गर्दी करू नका! सुट्टे नसले तरी चालतील, नोट चालते!" दिवसभर टाइप करणारी, फोन चाळणारी पोरे हरली आणि हसत हसत पेटीत पैसे टाकू लागली. जिंकलेलेही मागे राहिले नाहीत.

मग फळांच्या पेट्या उतरवणारा एक आडदांड गडी पुढे आला. त्याने मला आवळले मात्र, पोटात 'कट्' झाले आणि काटा जागीच अडकला. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ऐन वेळी मी दगा दिला! लोक पांगू लागले. त्यांत चिटणीसही होते.

"थांबा!" काका ओरडले. "यंत्र बंद पडलंय, आम्ही नाही. या, हात मिळवा!"

तो गडी हसत आजींकडे वळला. पुढच्याच क्षणी तो म्हणाला, "आजी, सोडा, सोडा!" चौकात हशा पिकला. चिटणिसांनी निव्वळ सभ्यता म्हणून काकांचा हात हातात घेतला आणि "आई गं!" म्हणून पाय आपटला.

"वय काय हो तुमचं?" त्यांनी बोटे चोळत विचारले.

"अठ्ठ्याहत्तर. म्हातारपण यायचंच, साहेब," काका म्हणाले. "पण ते पाहुण्यासारखं यावं. दरोडेखोरासारखं नको."

 संस्थेच्या पुढच्या सभेत चिटणिसांनी ठराव मांडला: लोक जेवढे देतील, तेवढीच भर संस्था घालील. अभ्यास थांबला नाही. त्या गड्याने मला स्वतः कारखान्यात नेऊन नवी स्प्रिंग बसवून आणली. चिटणीसही आता दर सोमवारी टॉवेल पिळायला येतात. त्यांचा काटा कुठवर चढतो, ते मात्र विचारू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मित्रांनो, मी फक्त मोजतो. जोर माणसांचा असतो आणि तो टिकवायची वाट माणसेच शोधतात. अशा शोधाला जमेल तसा हातभार लावा. आज तो आजी-आजोबांच्या उपयोगी पडेल, उद्या तुमच्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आयते बसवून ठेवू नका, त्यांना प्रेमाने कामे सांगा. गंज लोखंडालाच लागतो असे थोडेच आहे?

बरे, येतो आता. एक नवे आजोबा दारात चपला काढता काढता 'माझ्याने काय होणार' असे पुटपुटत आहेत. मला कामाला लागले पाहिजे.