सहावी ओळ

रेणापूरच्या शेषेरावांचा फोन आला तेव्हा मंजुश्री नुकती डबा उघडून बसली होती.

"मॅडम, टाकीसंगट जो कागद येतो, तो तुमीच लिव्हता का?"

"हो, मीच. काय झालं काका?"

"तोंडावर खत उडालं! काल मिशी पांढरी होती, आज हिरवी हाय."

मंजुश्री लातूरच्या एका कारखान्यात होती. ठिबकाच्या पायपातून पिकाला खत सोडायच्या टाक्या तिथं बनायच्या. टाकी कशी वापरायची हे शेतकऱ्याला कागदावर समजावून सांगायचं काम तिचं. टाकीच्या नळीला असते ती तोटी म्हणजे कॉक. कागदात ओळी पंचवीस, आणि त्यातली सहावी होती: 'मोटार लावण्याआधी कॉक लावा.'

"काका, सहावी ओळ वाचली का? कॉक लावायचा होता!"

"लावला की!"

"लावला असता तर खत उडालंच नसतं."

"अवो, लावला म्हणून तर उडालं!"

"तुम्ही लावलाच नाही, काका!"

"मी येडा हाय का? कॉक लावला, मोटार लावली, दोन्ही लावलं. बायको साक्षीला उभी होती. ती बी हिरवी हाय!"

आठवड्यातला हा अकरावा फोन. मंजुश्रीनं डबा तसाच झाकला. इतकी साधी ओळ लोकांना कळत कशी नाही, हेच तिला कळेना.

मालक पंचाक्षरी शेठ तर तापलेच होते. "अकरा घरं हिरवी केलात तुमी! परवा सकाळी रेणापूरला मेळावा हाय, दोनशे टाक्या जायच्यात. कागद उद्या संध्याकाळी सातला छापायला जाणार. तवर ही ओळ नीट करा, न्हाईतर कागदाचं काम आमचे जावई बघतील."

जावई, म्हणजे अमरेश, तयारच होता. "मामा, आजकाल मोबाईलच लिहून देतो की." त्यानं इंग्रजीतून दोन शब्द सांगितले, मोबाईलनं मराठी करून दिलं: 'मोटार सुरू करण्यापूर्वी कोंबडा बंद करा.'

शेठनं चष्मा पुसून दोनदा वाचलं. "कोंबडा कुठून आला ते नंतर बघू," ते म्हणाले, "पण बंद करायचाय एवढं तर कळून राहिलं."

चार वर्षांची नोकरी एका कोंबड्यापायी जायची वेळ आली होती. त्यात शेठच्या हाती एक पत्रक लागलं. नांदेडला एका कॉलेजात 'तांत्रिक संवाद-कौशल्य परिषद', उद्याच, एक दिवसाची. काही सत्रांपुढं चांदणी छापलेली, आणि खाली बारीक अक्षरात: चांदणीची सत्रं चुकवू नयेत. "सगळ्या चांदण्या करून या," शेठ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची एसटी धरून मंजुश्री नांदेडला पोचली.

पहिली चांदणी: 'थोडक्यात सांगण्याची कला'. वेळ वीस मिनिटं. त्यातली पस्तीस मिनिटं दिवा लावण्यात गेली, कारण वात होती पण काडेपेटी नव्हती. मग सत्कार. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार. वक्ते उठले आणि "थोडक्यात सांगायचं तर" असं अकरा वेळा म्हणून तासाभरानं बसले. काय सांगितलं ते शेजारणीला विचारलं, तर ती झोपली होती.

दुसरी चांदणी: 'वाट दाखवणाऱ्या खुणा'. खोली कुठं, हे दाखवायला भिंतीवर बाण चिकटवला होता. बाणामागून चाळीस माणसं गेली ती थेट स्वयंपाकघरात. आचाऱ्यानं त्यांना बघून आरोळी ठोकली, "अजून पुऱ्या व्हायच्यात, भायेर थांबा!" सत्र झालं की नाही, कोणालाच सांगता येईना. वक्ते स्वतः मात्र पुऱ्यांच्या रांगेत तिसरे होते.

बारा वाजले. मंजुश्रीच्या वहीत नाव, तारीख आणि एक कोंबडा, एवढंच. कोंबडा तिनं स्वतःच काढला होता, रागानं.

तिसरी चांदणी: 'सुबोध अभिव्यक्तीचे आंतरविद्याशाखीय आकलन'. म्हणजे सोपं कसं लिहावं. वक्ते माईकसमोर उभे राहिले, घाम पुसला आणि दाराशी बसलेल्या कॉलेजच्या शिपाई सरजाबाईला म्हणाले, "बाई, दार लावा. पंखा लावा."

सरजाबाई उठली. दार ओढून घेतलं, पंख्याचं बटण दाबलं आणि परत बसताना मंजुश्रीच्या कानाशी पुटपुटली, "एक लावा म्हणजे बंद, एक लावा म्हणजे चालू. ह्यांचं बरंय, माणसानंच समजून घ्यायचं!"

मंजुश्री ताडकन उठली.

"मावशी, 'मोटार लावण्याआधी कॉक लावा' म्हणलं तर तुम्ही काय कराल?"

"मी?" सरजाबाई विचारात पडली. "मी लांब हुबी ऱ्हाईन बाई."

अकरा घरं! शेषेराव खरं बोलत होते; त्यांनी कॉक लावला होता, म्हणजे चालू केला होता. मंजुश्री वऱ्हांड्यात पळाली आणि शेठना फोन लावला. आत नेमक्या टाळ्या सुरू झाल्या.

"शेठ, सापडलं! सहावी ओळ काढा!"

"काय काढू?"

"सहावी ओळ! काढा ती! तिच्या जागी..." टाळ्या वाढल्या.

"काढतो, काढतो!" शेठ खुशीत म्हणाले, आणि फोन कटला. मग लागेचना. तिनं मेसेजवर नवी ओळ धाडली आणि लातूरची एसटी पकडली. चार वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

पाचला ती कारखान्यात शिरली. दोनशे टाक्या रांगेनं उभ्या, आणि प्रत्येक टाकीच्या पोटावर वीतभर रुंद, लालभडक अक्षरांत स्टिकर: 'मोटार लावण्याआधी कॉक लावा!' उद्गारचिन्हासकट. अमरेश शेवटचा स्टिकर तळहातानं दाबून बसवत होता.

"हे काय?"

"तुमीच म्हणलात ना, सहावी ओळ काढा," शेठ म्हणाले. "काढली! येगळी काढली, मोठी काढली."

"काढा म्हणजे काढून टाका!"

"मग 'टाका' कुठं म्हणलात?"

"मेसेज केला होता मी, नवी ओळ."

"मी मेसेज बघत न्हाई. सकाळपासून सगळे फुलंच धाडून राहिलेत."

मंजुश्रीनं खोल श्वास घेतला. आता असा शब्द हवा, ज्याला दुसरा अर्थच नसेल.

"शेठ, सगळे स्टिकर फाडा."

शेठनं टाक्यांच्या रांगेकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"आडवे का उभे?"

मंजुश्री पहिल्या टाकीपाशी गेली, नखानं स्टिकर ओरबाडून काढला आणि त्याचे चार तुकडे करून शेठच्या हातात ठेवले. मग खडूनं टाकीवर लिहिलं: 'आधी कॉक बंद करा. मग मोटार चालू करा.'

"जावईबापू, वाचा आणि करून दाखवा."

अमरेशनं वाचलं. कॉक बंद केला. चाचणीसाठी टाकीला जोडलेल्या मोटारीचं बटण दाबलं. सगळे दोन पावलं मागं सरकले. काहीच उडालं नाही. शेठनं तरी खात्री म्हणून मिशीवरून हात फिरवला आणि हात बघितला. कोरडा.

"कागद तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "अमरेश, नखं हायेत ना? लाग कामाला."

मग हातातल्या चार तुकड्यांकडं बघून त्यांनी मान हलवली.

"पण मॅडम, इतकं सोपं होतं, तर हेच मघाशी फोनवर फाडून दाखवायला काय झालं होतं?"