बापबाईंचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, कपाटावर धूळ खात पडलेला हा काळा डबा कसला, असं तुम्हाला वाटेल. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपण गाणी वाजवणार. पण मला घेतलं एका तरुण प्राध्यापिकेनं. वडील या नात्याचा अभ्यास त्या करत. बाप मुलांशी काय बोलतो, काय बोलायचं राहून जातं, हे विचारत त्या फिरत. "बापांवर काय लिहायचं?" म्हणून सहकारी हसत. विद्यार्थी तर त्यांना ‘बापबाई’च म्हणत.

बाईंच्या पिशवीतून मी वीस वर्षं हिंडलो. गॅरेजं, सलूनं, कोर्टाबाहेरचे बाक. माझं लाल बटण दाबलं की भलेभले गडी अडखळत. बाई कधी घाई करत नसत. त्यांची पुस्तकं निघाली, सत्कार झाले. पुढे खिशात मावणारी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली.

एके दुपारी, पूर्वी कधीतरी माझ्यासमोर बोललेला एक म्हातारा मेकॅनिक आपल्या मुलीला घेऊन बाईंकडे आला. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला होता. त्यानं कागदावर लिहिलं, ‘माझी कॅसेट हिला ऐकवा.’

"बाबांनी हट्टच धरला," मुलगी तुटकपणे म्हणाली.

बाईंनी कॅसेट शोधली. माझा पट्टा सैल झाला होता. मी घरघरलो आणि फीत आत गुंतली! बाईंनी ती सोडवून पेन्सिलीनं हळूहळू गुंडाळली. "एवढं एकदा कर रे बाबा," त्या मला म्हणाल्या. मी सगळा जीव एकवटला. आवाज आला.

"पोरगी झाली तेव्हा गॅरेजमधून तसाच धावलो. नर्सनं तिला पुढे केली आणि मी हात मागे घेतले. ग्रीसनं माखले होते हो! धुऊन येईपर्यंत तिला आत नेलं. बहिणीनं भलताच अर्थ काढला. मी मात्र गप्प बसलो, बाई. चुकलंच माझं."

मुलगी वडिलांकडे वळली.

"आत्या म्हणायची, मुलगी झाली म्हणून तुम्ही हातात घेतलं नाही. मी इतकी वर्षं तेच धरून बसले, बाबा."

म्हाताऱ्यानं लिहिलं, ‘आज नुसतं लिहून सांगितलं असतं, तर तुला पटलं नसतं. ही कॅसेट तेव्हाची आहे.’

तिनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "बाई, परत लावता?"

तिसऱ्यांदा ऐकवताना माझा पट्टा तुटला. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या कॅसेट भंगारात देऊ नका, त्यातले आवाज उतरवून घ्या. पण त्याआधी, माणूस बोलतोय तोवर त्याच्याजवळ बसा. बाईंनी चारशे बापांना विचारलं. तुम्हाला तर तुमच्या एकाच बापाला विचारायचंय.